कॅल्क्युलेटरच्या पोटात साइनचं टेबल असतं का?

शमी (धागाकर्ती) · शनिवार, रात्री ९.४०

लेक दहावीत आहे, सध्या त्रिकोणमिती चालू आहे. पुस्तकात ०, ३०, ४५, ६०, ९० अशा पाचच कोनांच्या किमती आहेत आणि त्या पाठ करायच्या आहेत. काल त्याने कपाटातून माझा इंजिनिअरिंगचा जुना कॅसिओ काढला, सेल बदलला आणि साइन ३७ दाबलं. ०.६०१८१५०२३ आलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, याला सदतीसचं कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, आत टेबल असेल. बारावीला आम्ही लॉगची पुस्तिका घेऊन बसायचो (बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, पुस्तिका चालते), तसंच काहीतरी. त्यावर तो, "मग ३७.२१६४ चं पण टेबल? आणि ३७.२१६५ चं? मावेल एवढ्याशा चिपमध्ये?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षं हे यंत्र वापरून पास झाले आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. वर्गमूळाच्या बटणाचंही तेच. दहावीच्या मुलाला समजेल असं कोणी सांगेल का? "आत प्रोग्रॅम असतो" एवढ्याने त्याचं समाधान होणार नाही, आणि आता माझंही नाही.

वाटाड्या · रात्री ९.५२

टेलर सिरीज. कोन रेडियनमध्ये (अंशांऐवजी कोन मोजायचं दुसरं एकक) घ्यायचा आणि क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० असं करत जायचं. ३७ अंश म्हणजे ०.६४५७७ रेडियन. तीन पदांत ०.६०१८२ येतं, चौथं पद घेतलं की ०.६०१८१५. टेबल वगैरे काही नाही.

मधुमालती · रात्री ९.५८

चांगला प्रश्न. वाचतेय.

खटपट्या · रात्री ११.१५

वाटाड्या, तुमचं गणित बरोबर आहे, पण खिशातला कॅल्क्युलेटर बहुधा असं करत नाही. मी गेली चौदा वर्षं मोटर कंट्रोलचं फर्मवेअर लिहितो, साइन-कोसाइनशी रोज गाठ असते. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आतल्या चिपला स्वस्तात तीन गोष्टी येतात: बेरीज, वजाबाकी आणि अंक सरकवणं. आपण १० ने भागताना सगळे अंक एक घर उजवीकडे सरकवतो, तसं बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून आकडे लिहायची पद्धत) २ ने भागायचं तर सरकवलं की झालं. गुणाकार म्हणजे अशा अनेक बेरजा, म्हणून महाग. टेलरमध्ये गुणाकारांची आणि भागाकारांची रांग लागते.

आता मुलाला घड्याळाचा काटा डोळ्यांपुढे आणायला सांगा. काटा आडवा, उजवीकडे रोखलेला, लांबी १. तो ३७ अंश वर उचलला की टोकाची उंची म्हणजे साइन आणि टोकाचं आडवं अंतर म्हणजे कोसाइन. काटा नेमका ३७ अंश कसा वळवायचा हे आपल्याला माहीत नाही. पण काही ठरावीक कोनांतून वळवणं फार सोपं असतं. नियम असा:

नवं आडवं = जुनं आडवं − जुन्या उभ्याचा हिस्सा
नवं उभं = जुनं उभं + जुन्या आडव्याचा हिस्सा

हिस्सा पूर्ण घेतला तर काटा ४५ अंश वळतो. निम्मा घेतला तर २६.५६५. पाव घेतला तर १४.०३६. मग ७.१२५, ३.५७६, १.७९०, ०.८९५ असं लहान होत जातं. हे असे कोन आहेत की ज्यांचा टॅन १, १/२, १/४, १/८ येतो. उलटं वळायचं असेल तर अधिक-उणे बदलायचे. टेबल असतं ते एवढंच, या मोजक्या कोनांचं.

आता ३७ ला जाऊ. सुरुवात आडवं १, उभं ०.

+४५: आडवं १, उभं १. आठ अंश पुढे गेलो, मागे या.
−२६.५६५: आडवं १.५, उभं ०.५. आता १८.४३५ वर आहोत.
+१४.०३६: आडवं १.३७५, उभं ०.८७५. आता ३२.४७१.
+७.१२५: १.२६५६ आणि १.०४६९. आता ३९.५९६, पुन्हा जास्त झालं.
−३.५७६: १.३३११ आणि ०.९६७८. आता ३६.०२.
+१.७९०: १.३००८ आणि १.००९४. आता ३७.८१.
−०.८९५: १.३१६६ आणि ०.९८९०. आता ३६.९१.

सात वळणांत आपण ३७ च्या अंगणात आलो. एक भानगड मात्र आहे. या सोप्या नियमाने वळताना काटा दर वेळी थोडा ताणला जातो. पण आपण एकही वळण गाळत नाही, फक्त दिशा बदलतो. त्यामुळे एकूण ताण नेहमी तेवढाच, साधारण १.६४६८ पट. तो आधीच माहीत असल्यामुळे शेवटी उत्तराला ०.६०७२५ ने गुणायचं. ०.९८९० × ०.६०७२५ = ०.६००६. खरं उत्तर ०.६०१८. वळणं वाढवत नेली की दर वळणाला बायनरीतला साधारण एकेक अंक पक्का होतो. (प्रत्यक्षात तो गुणाकारही वाचवतात. काटा १ ऐवजी ०.६०७२५ लांबीचा घेऊनच सुरुवात करतात.)

याचं नाव कॉर्डिक. जॅक व्होल्डर नावाच्या इंजिनिअरने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्व्हेअर कंपनीत बी-५८ बॉम्बरच्या दिशादर्शक यंत्रणेसाठी हे काढलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. १९७१ मध्ये एचपीच्या जॉन वॉल्थर यांनी दाखवून दिलं की याच साच्यात थोडे फेरफार केले की गुणाकार, भागाकार, लॉग, वर्गमूळ सगळं बसतं.

मधुमालती · रात्री ११.३१

आडवं-उभं कागदावर लिहून पाहिलं, चौथ्या ओळीपर्यंत जमलं! मी कॉमर्सची आहे.

वाटाड्या · रविवार, सकाळी ७.२०

खटपट्या, पद्धत सुरेख आहे, पण माझा मुद्दा सोडत नाही. आजच्या प्रोसेसरला गुणाकार महाग राहिलेला नाही. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटर ॲपमध्ये हे सरकवणं-वळवणं कशाला असेल?

खटपट्या · सकाळी ८.०५

मान्य, मोबाइल-कॉम्प्युटरवर बहुपदीच (तुमच्यासारखी क्ष, क्ष³, क्ष⁵ अशा पदांची बेरीज) वापरतात. फक्त ती टेलरची नसते. टेलर शून्याजवळ अचूक असतो आणि जसजसं लांब जाल तसतशी चूक वाढत जाते. म्हणून आधी कोन घडी घालून ० ते ४५ मध्ये आणतात आणि मग सहगुणक असे निवडतात की चूक त्या पूर्ण पट्ट्यात सारखी पसरेल. दिसायला टेलरसारखीच, आकडे मात्र किंचित वेगळे.

पण धागा खिशातल्या यंत्राचा आहे, म्हणून १९७२ चं सांगतो. एचपी-३५ हा पहिला खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्युलेट यांना तो शर्टाच्या खिशात बसायला हवा होता. किंमत ३९५ डॉलर. साइन, लॉग, वर्गमूळ, डिस्प्ले, सगळं मिळून आतल्या प्रोग्रॅमच्या अवघ्या ७६८ सूचना! हा धागा त्याहून मोठा होईल. तो दशमान पद्धतीत चालायचा, म्हणून त्याचे सोपे कोन वेगळे: टॅन १, ०.१, ०.०१ असलेले. म्हणजे ४५, ५.७१, ०.५७३. दशांशचिन्ह सरकवलं की काम झालं. एकेक कोन मात्र अनेकदा वळावा लागतो.

त्यात एक चूकही राहून गेली होती. २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून परत ई चा घात घेतला की २.०२ ऐवजी नुसता २ यायचा. कंपनीने ग्राहकांना यंत्र बदलून देऊ केलं.

वाटाड्या · सकाळी ८.१७

७६८ सूचनांचं माहीत नव्हतं. पटलं.

जरीपटका · सकाळी ९.००

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. आर्यभटांनी साइनचं टेबल दिलंय. पाश्चात्त्यांनी उचललं आणि नावं बदलली.

आप्पा सर्व्हेअर · सकाळी ९.४५

मी ७५ वर्षांचा आहे. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

वर्गमूळाचा प्रश्न मागे पडलाय, त्याबद्दल सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा कालव्याच्या सर्व्हेवर होतो. दिवसभर थिओडोलाइट, आणि रात्री तंबूत कंदिलाच्या उजेडात सात आकडी लॉग टेबलं. ऑफिसात मात्र एक फॅसिट मशीन होतं. विजेवरचं नाही, हँडलचं. पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. वजाबाकी शून्याच्या खाली गेली की आतून टिंग अशी घंटा वाजायची. त्या घंटेवर आम्ही वर्गमूळ काढायचो.

विषम संख्या क्रमाने मिळवत गेलं की वर्ग येतो हे तुमच्या मुलाला ठाऊक असेल. १+३=४, १+३+५=९. मग उलटं करायचं. समजा १३६९ चं मूळ हवंय. उजवीकडून जोड्या पाडा: १३ | ६९.

१३ मधून १ गेले, १२. ३ गेले, ९. ५ गेले, ४. आता ७ वजा केले की टिंग! एक फेरा उलट फिरवून ४ परत आणायचे. तीन वजाबाक्या झाल्या, पहिला अंक ३.

आता ६९ खाली उतरवा: ४६९. पुढची विषम संख्या कोणती? ३ ची दुप्पट ६, तिच्यापुढे १, म्हणजे ६१. ४६९−६१=४०८. −६३=३४५. −६५=२८०. −६७=२१३. −६९=१४४. −७१=७३. −७३=०. सात वजाबाक्या, दुसरा अंक ७. उत्तर ३७.

पूर्ण वर्ग नसेल तर शून्याची जोडी उतरवायची आणि हवे तेवढे दशांश काढायचे. आमचे हेडक्लार्क हिशोब करता करता फक्त घंटा ऐकायचे, मान वर करायचे नाहीत. "आप्पा, दुसरा अंक सात आला का?" असं तिकडून विचारायचे. त्यांनी फेरे मोजलेले असत.

शमी · सकाळी १०.१०

आप्पा, १३६९ हा आकडा मुद्दाम घेतलात ना? ३७! मुलाला वाचून दाखवलं. तो आत्ता ५२९ करतोय आणि घंटेचा आवाज तोंडाने काढतोय.

खटपट्या · सकाळी १०.४०

आप्पा, दंडवत. तुमच्या फॅसिटवरची हीच पद्धत एचपीच्या कॅल्क्युलेटरांत होती, एका सुंदर चलाखीसह. मूळ संख्येलाच आधी ५ ने गुणायचं. मग १, ३, ५, ७ ऐवजी ५, १५, २५, ३५ वजा करायचे. शेवटचा अंक कायम ५, त्याच्या डावीकडचा एकेकाने वाढतो, दुप्पट करायची गरजच उरत नाही.

तुमच्याच उदाहरणात बघा. ५, १५, २५ वजा झाले, पुढची पाळी ३५ ची. ते जात नाहीत. मग ३ आणि ५ च्या मध्ये शून्य घुसवा: ३०५. हे ६१ ची पाचपट! पुढे ३१५, ३२५ करत ३६५ वजा झाले की थांबलो, पुढची पाळी ३७५ ची. शेवटचा ५ झाकला की उत्तर समोर: ३७. मूळ वेगळं लिहून ठेवावं लागत नाही, ते त्या आकड्यातच तयार होत जातं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी रात्री दोन वाजता उठून बायकोला दाखवलं होतं.

मधुमालती · सकाळी १०.४४

वहिनींची प्रतिक्रिया?

खटपट्या · सकाळी १०.४६

उठून बसली, आणि १३६९ ऐवजी २०२५ करून पाहिलं. ४५ आलं. ती सीए आहे.

पेठेतला दुकानदार · दुपारी १.१५

सांगलीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. काउंटरवर बारा आकडी कॅल्क्युलेटर असतो, त्याला √ चं बटण आहे. वीस वर्षांत एम-प्लस आणि जीटी दाबून दाबून त्यांची अक्षरं उडाली, √ मात्र नवंकोरं. आज हा धागा वाचून पहिल्यांदा दाबलं. या बटणाचा दुकानात काही उपयोग आहे का?

वाटाड्या · दुपारी १.४०

उपयोगाचं माहीत नाही, पण गंमत सांगतो. त्याच बटणाने घनमूळही निघतं. २७ चं काढा. २७ वर √ दोनदा दाबा: २.२७९५. त्याला २७ ने गुणा, पुन्हा √ दोनदा: २.८००९. पुन्हा २७ ने गुणा, √ दोनदा: २.९४८९. मग २.९८७१. तीनकडे चाललंय, दर फेरीला अंतर साधारण पाव होतं.

कारण सोपं आहे. आकडा बदलायचा थांबला म्हणजे √√(२७ × क्ष) = क्ष. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या, २७ × क्ष = क्ष⁴, म्हणजे क्ष³ = २७.

पेठेतला दुकानदार · दुपारी २.०५

गिऱ्हाईक थांबवून केलं. नऊ-दहा फेऱ्यांत २.९९९९९ झालं. ते आजोबाही आता वाकून बघताहेत, गुळाची ढेप बाजूला ठेवून.

चकली · दुपारी २.२०

माझ्यासारखी पोळलेली कोणी आहे का? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी अप्लाइड मेकॅनिक्सच्या पेपरात मैत्रिणीचा कॅल्क्युलेटर घेतला, तो रेडियनवर होता. साइन ३० उणे ०.९८८ आलं. ३० अंशांच्या उतारावरचा ठोकळा वरच चढत होता. मी तेच उत्तर लिहून, खाली "दिशा विरुद्ध गृहीत धरली होती" असं स्पष्टीकरणही जोडलं. शमी, मुलाला आधी वरच्या कोपऱ्यातलं ते छोटं डी (डिग्री, म्हणजे अंश) बघायला शिकवा.

शमी · दुपारी २.३५

शिकवलं! आणि त्याने लगेच टॅन ९० दाबून पाहिलं. मॅथ एरर. ८९.९९९ चं मात्र मुकाट्याने देतो.

खटपट्या · दुपारी २.५०

टॅन म्हणजे शेवटी उभं भागिले आडवं. ९० ला काटा सरळ उभा, आडवं शून्य. शून्याने भागायची वेळ आली की यंत्र हात वर करतं.

खानदेशी केळं · दुपारी ४.३०

जरीपटका, तुमचा अभिमान मला समजतो, पण "आधीच होतं" एवढ्यावर थांबलं की आपल्याच माणसांनी नेमकं काय केलं ते बाजूला राहतं. ते मोठं आहे, नीट सांगायला हवं.

आर्यभटांनी, म्हणजे इ. स. ४९९, टेबल दिलं हे खरं. त्यात थेट 'ज्या' (म्हणजे आपले साइन) नाहीत, लागोपाठच्या ज्यांमधले फरक आहेत: २२५, २२४, २२२, २१९ असे चोवीस. शेवटचा ७. मिळवत गेलात की ३४३८, म्हणजे त्रिज्या. फरक साठवायचे आणि बेरजेने हवं ते मिळवायचं, हा विचारच किती काटकसरीचा आहे. वर्गमूळाची रीतही आहे, "भागं हरेदवर्गान्नित्यं द्विगुणेन वर्गमूलेन". आप्पांनी "३ ची दुप्पट ६" केली ना, तेच हे द्विगुण. पण कॉर्डिक त्यात नाही. व्होल्डरनी ते आपल्याकडून उचललं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल.

आता माझ्या गावाजवळची गोष्ट. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल. तिथल्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात, शेवटचा भाग जुन्या मराठीत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या डोंगराच्या पायथ्याशी ज्यांचा अभ्यास चालावा म्हणून सोय केली होती, त्या ग्रंथांत काय होतं?

सिद्धान्तशिरोमणीत, ११५० मध्ये, ज्योत्पत्ती नावाचं प्रकरण आहे. त्यात एका अंशाने पुढे जायची रीत अशी: "स्वगोऽङ्गेषुषडंशेन" ज्या कमी करा. आकडे शब्दांत, उलट वाचायचे. गो ९, अंग ६, इषु ५, षट् ६, म्हणून ६५६९. ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करा. मग कोटिज्या (म्हणजे कोसाइन) १० ने गुणून त्रि-सप्त-इषु, म्हणजे ५७३ ने भागून मिळवा. झाली पुढच्या अंशाची ज्या.

साइन ३० वरून ३१ काढून बघा. ०.५ मधून त्याचा ६५६९ वा भाग वजा, अधिक ०.८६६०२५४ × १० ÷ ५७३. ०.५१५०३८ येतं. सहा दशांशांपर्यंत बरोबर.

खटपट्या · सायं. ५.१०

खानदेशी, मी हे पहिल्यांदा वाचतोय आणि अंगावर काटा आला. नवी ज्या = जुनी ज्या, अधिक कोटिज्येचा हिस्सा! हे मी काल लिहिलेलंच वळण आहे, फक्त दर वेळी एक अंशाचं.

आणि असा कॅल्क्युलेटर खरंच झालाय. १९७४ चा सिंक्लेअर सायंटिफिक. त्यांनी साध्या बेरीज-वजाबाकीच्या कॅल्क्युलेटरची स्वस्त चिप घेतली, आत जागा फक्त ३२० सूचनांची. कॉर्डिकच्या कोनांचं टेबलही मावेना. मग त्यांनी काटा ०.००१ रेडियनने वळवला, पुन्हा वळवला, पुन्हा वळवला, हव्या त्या कोनापर्यंत. एका रेडियनला हजार वळणं. उत्तर यायला कधी पंधरा सेकंद लागत. लॉग-रेडियनसाठी लागणारे स्थिरांकही आत मावले नाहीत, ते यंत्राच्या दर्शनी भागावर छापले होते, माणसाने बघून घालायचे.

जरीपटका · सायं. ५.४०

खानदेशी, ६५६९ चं माहीत नव्हतं. माझ्या मूळ वाक्यापेक्षा हे कितीतरी चांगलं आहे. पाटणादेवीला जाणार.

खानदेशी केळं · सायं. ५.४४

या, पावसाळ्यात या. केळी माझ्याकडून.

सेमीकोलन · सायं. ६.२०

उशिरा आलो. प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी एक भर. कॉम्प्युटरवर साइन पाय (π) विचारलं की बऱ्याच भाषांत शून्य न येता १.२२ × १०⁻¹⁶ येतं. लोक म्हणतात साइन चुकलं. साइन चुकलेलं नसतं, आपण दिलेला पाय सोळाव्या-सतराव्या अंकाशी तोडलेला असतो, आणि यंत्र त्या तोडलेल्या पायचं खरं साइन प्रामाणिकपणे देतं.

दुसरं, आयईईई ७५४ हे कॉम्प्युटरमधल्या आकडेमोडीचं १९८५ चं मानक वर्गमूळाबाबत कडक आहे: शेवटच्या अंकापर्यंत अचूक हवंच. साइनबाबत तशी सक्ती नाही. वर्गमूळ बरोबर आलं की नाही हे उलट वर्ग करून तपासता येतं. साइनच्या बाबतीत मात्र शेवटचा अंक वर न्यायचा की खाली, हे ठरवायला किती पुढपर्यंत मोजावं लागेल ते आधी सांगता येत नाही.

आणि कॅल्क्युलेटर आतमध्ये दिसतात त्याहून जास्त अंक ठेवतो. √२ काढा, त्यातून १.४१४२१३५६२ वजा करा. शून्य न येता ३.७ ने सुरू होणारा बारीकसा आकडा येईल. ते लपवून ठेवलेले अंक.

आप्पा सर्व्हेअर · सायं. ७.००

आम्हीही तेच करत असू. सात आकड्यांत मोजायचं, नकाशावर चार मांडायचे.

शमी · सोमवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ सांगते.

आधी आलेखाच्या कागदावर खटपट्यांची सात वळणं केली. दहा घरं म्हणजे १, आणि दर वळणाला टोकावर पेन्सिलीने ठिपका. ठिपके ३७ च्या रेषेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे, आणि हळूहळू जवळ येत गेले. काटा ताणला जातो म्हणजे काय हे त्याला ठिपके मूळ वर्तुळाबाहेर पडल्यावर कळलं. ०.६००६ आलं तेव्हा जोरात ओरडला.

मग खानदेशींची रीत. कॅसिओ मी काढून घेतला, शेजाऱ्यांच्या दुकानातला साधा कॅल्क्युलेटर दिला. साइन ३० आणि कोसाइन ३० त्याला पाठच आहेत. तिथून ३१, ३२ करत निघाला. कोटिज्याही प्रत्येक वेळी काढावी लागते हे त्याचं त्यालाच सुचलं: तिचाही ६५६९ वा भाग वजा, आणि ज्येचा हिस्सा मिळवायच्या ऐवजी वजा. सात पायऱ्यांनी ३७ ला पोचला, ०.६०१८१. कॅसिओ शेजारी ठेवून अंक ताडून पाहिले. पुढचं त्याने मला काही विचारलं नाही, वहीचं नवं पान उघडलं.

आत्ता ५२ वर आहे. नव्वदला बरोबर १ येतो का ते बघायचंय म्हणे. जेवायला दोनदा हाक मारून झाली.

खटपट्या · रात्री ९.३८

१ पेक्षा किंचित जास्त येईल, १.००००० पुढे ४ च्या आसपास. भास्कराचार्यांच्या वळणातही काटा अगदी थोडा ताणला जातो, साठ वळणांत तेवढं साठतं. त्याला सांगू नका, तोच सांगेल.